दहा मिनिटांचे इंजेक्शन आणि चोवीस तासांची अट

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण (इर्डाई),
हैदराबाद

विषय : स्नायूदुखीवरील इंजेक्शनांचा खर्च आणि आरोग्य विम्यातील चोवीस तास भरतीची अट

महोदय,

मानेच्या, खांद्याच्या किंवा कमरेच्या स्नायूंत इंजेक्शन घ्यावे लागणाऱ्या रुग्णाकडे आरोग्य विमा असला, तरी त्याला त्यातून बहुतेक वेळा एक रुपयाही मिळत नाही. विमा नसलेला रुग्ण जेवढे पैसे मोजतो तेवढेच विमा असलेलाही मोजतो आणि वर वर्षाचा हप्ता भरतो तो वेगळाच. हे बदलण्याचा अधिकार कुठल्या डॉक्टरकडे नाही, हॉस्पिटलकडे नाही आणि विमा कंपनीच्या स्थानिक कचेरीकडे तर नाहीच. तो तुमच्याकडे आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे. ते उघड लिहिते आहे, कारण हे दुखणे माझ्या एकटीच्या घरातले नाही.

माझी थोरली बहीण पुण्यात शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, लग्नसराईत रात्री उशिरापर्यंत मशीन. मान खाली, उजवा खांदा किंचित वर, आणि हे वर्षानुवर्षे. तिच्या मानेपासून खांद्यापर्यंत उतरणाऱ्या ट्रॅपेझियस स्नायूत दुखऱ्या गाठी झाल्या. डॉक्टरांनी बोटाने एक गाठ दाबली तेव्हा कळ खांद्यात न थांबता कानामागून कपाळापर्यंत गेली. वैद्यकात याला ट्रिगर पॉइंट म्हणतात. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी या दुखण्याचा आयुष्यभर अभ्यास केला आणि १९८३ मध्ये डेव्हिड सायमन्स यांच्यासोबत त्यावरचा ग्रंथ लिहिला. तेव्हापासून हा उपचार जगभरच्या पेन क्लिनिकमध्ये होतो. व्यायाम, शेक, फिजिओथेरपी आणि बसण्याची पद्धत बदलूनही गाठ सुटली नाही, तर बारीक सुई थेट त्या गाठीत घालतात. सुई नेमकी बसली की स्नायू क्षणभर फडकतो. लिग्नोकेनसारखे बधिर करणारे औषध थोडेसे सोडतात, म्हणजे नंतरची ठणक कमी होते. छातीच्या वरच्या भागात सुई फुफ्फुसाला लागू नये म्हणून सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत हे काम करतात. सगळे मिळून दहा मिनिटे लागतात. रुग्ण अर्धा-पाऊण तास बसतो आणि घरी जातो.

ताईचे बिल माझ्यासमोर आहे. तपासणी फी ८०० रुपये, प्रोसिजर चार्जेस ४,५००, मायनर ओ.टी. २,०००, सोनोग्राफी गायडन्स १,५००, सुया-सिरिंज-हातमोजे ६४० आणि औषधे २१५. एकूण ९,६५५ रुपये. औषधाची ओळ सगळ्यांत लहान आहे, ती जरा पाहा. लिग्नोकेन राष्ट्रीय आवश्यक औषध यादीत आहे, त्याच्या किमतीवर सरकारचे नियंत्रण आहे आणि त्यामुळे ते स्वस्त आहे. म्हणजे सरकारी नियंत्रण पोचले ते २१५ रुपयांच्या ओळीपर्यंत. उरलेल्या साडेनऊ हजारांना ना कमाल दर आहे, ना कुणी विचारणारा. महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित नर्सिंग होम नियमांनुसार रुग्ण हक्क सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावे लागते. पण खोलीचे भाडे भिंतीवर दिसले, तरी स्नायूतल्या इंजेक्शनाला किती पडतील हे त्यावरून कळत नाही. ताईसाठी आम्ही आधी दोन-तीन ठिकाणी फोन करून विचारले. आकडा कुणीच सांगितला नाही. उलट प्रश्न मात्र सगळीकडे एकच आला : "इन्शुरन्स आहे की कॅश?" ज्या बाजारात भाव सांगण्याआधी गिऱ्हाइकाचा खिसा विचारला जातो, तिथे रुग्णाने तुलना करायची कशी?

ताईकडे पाच लाखांची पॉलिसी आहे. एकही हप्ता चुकलेला नाही. तिचा क्लेम नाकारला गेला आणि कारण दिले दोन ओळींत : चोवीस तासांची भरती नाही, उपचार ओपीडी स्वरूपाचा. कागदपत्रांच्या टेबलावर बसलेल्या मुलाने हळू आवाजात सुचवले, "मॅडम, एक रात्र ॲडमिट झाला असतात ना, तर झालं असतं काम." त्या मुलाला मी दोष देत नाही. नियम जे शिकवतो तेच तो बोलला. ताई मात्र तिथेच म्हणाली, "मला काही झालेलं नसताना खाट कशाला अडवू?"

महोदय, या एका वाक्यात तुमच्या नियमाचा सगळा दोष आला आहे. दहा मिनिटांच्या उपचाराला साडेनऊ हजार लागतात. तोच उपचार रात्रभर खाटेवर झोपून घेतला, तर खोली, नर्सिंग, व्हिजिट आणि तपासण्या धरून तीस-चाळीस हजारांचे बिल सहज होते, आणि कंपनी ते भरण्याची शक्यता मात्र वाढते. प्रामाणिक रुग्ण स्वतःच्या खिशातून भरतो, कारण तो खोटी भरती दाखवत नाही. ज्याला दाखवायची आहे तो दाखवतो, आणि तो भार पुढच्या वर्षीच्या हप्त्यातून सगळ्यांवर येतो. हा नियम गैरप्रकार रोखण्यासाठी असेल, तर प्रत्यक्षात तो गैरप्रकाराची वाट दाखवतो आहे.

नियमाची भाषा मी वाचली आहे. हॉस्पिटलायझेशन म्हणजे किमान सलग चोवीस तासांची भरती. त्याला अपवाद डे-केअर उपचारांचा, पण त्यातही अट अशी की तंत्रज्ञान पुढे गेल्यामुळे चोवीस तासांच्या आत होणारा तो उपचार एरवी चोवीस तासांहून जास्त भरतीचा असला पाहिजे. शिवाय सर्वसाधारणपणे ओपीडीत होणारे उपचार या व्याख्येत बसत नाहीत, असेही पुढे लिहिले आहे. मोतीबिंदू या व्याख्येत बसतो, कारण पूर्वी त्यासाठी काही दिवस हॉस्पिटलात राहावे लागे. स्नायूतले इंजेक्शन बसत नाही, कारण ते पहिल्यापासूनच साधे, सुटसुटीत होते. म्हणजे एखादा उपचार कधी काळी अवघड होता म्हणून आज त्याला भरपाई, आणि जो कधीच अवघड नव्हता त्याला कधीच भरपाई नाही. यात रुग्णाच्या गरजेचा विचार कुठे आहे?

आणि वाट नाही असेही नाही. २०१९ मध्ये तुमच्याच संस्थेने आधुनिक उपचारांची यादी ठरवली आणि हे उपचार पॉलिसीतून सरसकट वगळता येणार नाहीत, असे कंपन्यांना बजावले. त्या यादीत रोबोटिक शस्त्रक्रिया आहे, डीप ब्रेन स्टिम्युलेशन आहे आणि डोळ्याच्या पडद्यासाठी डोळ्याच्या आत दिले जाणारे इंट्राव्हिट्रियल इंजेक्शनही आहे. तेही काही मिनिटांत होते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. मधुमेहाने दृष्टी जाऊ पाहणाऱ्या किती जणांना त्या एका ओळीने आधार दिला असेल! डोळ्यातल्या इंजेक्शनाला जागा करता आली, तर मानेतल्या इंजेक्शनाला करता येणार नाही, असे मला वाटत नाही.

न्यायाच्या दारातही हे बोलले गेले आहे. मार्च २०२३ मध्ये वडोदऱ्याच्या ग्राहक मंचासमोर स्नायूंना सूज आणणाऱ्या डर्मॅटोमायोसायटिस या आजाराच्या रुग्णाचा क्लेम आला होता. बिल होते ४४,४६८ रुपयांचे. सलग चोवीस तास भरती नव्हती म्हणून कंपनीने तो नाकारला होता. मंचाने रुग्णाच्या बाजूने निकाल दिला. नवी औषधे आणि नव्या पद्धतींमुळे उपचार कमी वेळात होतात, तेव्हा केवळ चोवीस तासांचे कारण सांगून क्लेम फेटाळता येणार नाही, असे मंचाचे म्हणणे होते. उपचार झाला होता २०१६ मध्ये. एका कुटुंबाला चव्वेचाळीस हजारांसाठी इतकी वर्षे थांबावे लागले. प्रत्येक रुग्णाने अशी लढाई लढावी, अशी अपेक्षा कोणत्याही नियामकाने ठेवू नये.

नाकारलेल्या उपचाराची दुसरी किंमतही कंपन्यांच्याच पदरात पडते. ज्याला हे इंजेक्शन परवडत नाही, तो दुखणे सोसत बसत नाही. गल्लीतल्या दवाखान्यात जातो, शे-दीडशे रुपयांत कमरेत डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन घेतो आणि मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी आणतो. दोन दिवस बरे वाटते, पुन्हा दुखते, पुन्हा पट्टी. वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्या तर जठरात व्रण होतो, रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. मग मात्र रुग्ण भरती होतो, चोवीस तास सहज उलटतात आणि कंपनी बिल भरते. साडेनऊ हजारांत जे थांबवता आले असते त्यासाठी लाखभर रुपये द्यायला तिची हरकत नसते. विम्याच्या गणितातही हे बसत नाही.

बाकीच्यांचे काय होते तेही मी पाहिले आहे. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या, कामगार राज्य विमा योजनेतल्या कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो आणि ओपीडीपासून शस्त्रक्रियेपर्यंत सगळे त्यात येते. ही योजना १९५२ पासून चालू आहे. म्हणजे ओपीडी विम्यात घेता येते, हे या देशाने सत्तर वर्षांपूर्वीच करून दाखवले आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते ठरवून दिलेल्या, मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, ही मोठीच गोष्ट. तरी अशी इंजेक्शने देऊ शकणारा तालुक्याच्या रुग्णालयातला भूलतज्ज्ञ, असलाच तर, सिझेरियनच्या टेबलावर उभा असतो. खांद्यातल्या गाठीसाठी त्याने वेळ काढायचा कुठून? इचलकरंजीत मागावर उभा राहणारा विणकर, डोक्यावर उसाची मोळी वाहणारी बीडची तोडणी कामगार, दिवसभर स्टिअरिंगला जखडलेला टेम्पोवाला, संगणकासमोर वाकलेली हिंजवडीतली मुलगी, यांचे दुखणे सारखेच आहे. पैशाची सोय मात्र प्रत्येकाची वेगळी, आणि स्वतःच्या पैशाने पॉलिसी घेणाऱ्याची सगळ्यांत तोकडी.

अमेरिकेचे नाव घेतले की आपल्याकडे लगेच महागाईची गोष्ट निघते, आणि ती खरी आहे. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या कुठल्याही मराठी घरात विचारा, विमा असूनही डिडक्टिबल, म्हणजे आधी स्वतः भरायची ठरावीक रक्कम, संपेपर्यंत सगळे बिल खिशातूनच जाते. ती व्यवस्था इथे आणावी असे माझे म्हणणे नाही. पण दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. तिथे या उपचाराला स्वतःचा कोड आहे : एक-दोन स्नायूंत इंजेक्शन दिले तर २०५५२, तीन किंवा जास्त स्नायूंत दिले तर २०५५३. त्यामुळे बिलात नेमके काय झाले ते कळते. ज्येष्ठांच्या मेडिकेअरमध्ये वर्षाचे डिडक्टिबल (२०२५ साली २५७ डॉलर) भरले की मान्य दराच्या २० टक्के रुग्णाने द्यायचे आणि बाकी सरकारने. हॉस्पिटलात झोपलात का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. दुसरी गोष्ट, १ जानेवारी २०२२ पासून विमा नसलेल्या किंवा स्वतः पैसे भरणाऱ्या रुग्णाला ठरलेल्या उपचाराचा अंदाजे खर्च आधी लेखी मिळण्याचा हक्क आहे. प्रत्यक्ष बिल त्याहून ४०० डॉलर किंवा अधिक वाढले, तर त्याला दाद मागता येते. ताईला असा एक कागद आधी मिळाला असता, तर कुठे जायचे ते तिने शांतपणे ठरवले असते.

कंपन्यांची बाजू मला ठाऊक आहे. ओपीडीतले क्लेम लहान आणि असंख्य असतात, खोटी बिले पकडणे अवघड असते, हप्ते वाढतील. यातली खोट्या बिलांची भीती खरी आहे. शिवाय स्नायूत इंजेक्शन देणे हा प्रत्येक दुखण्यावरचा इलाजही नाही. काहींना व्यायामानेच बरे वाटते. काहींना इंजेक्शनाचा उपयोग थोडेच दिवस टिकतो. सरसकट सगळी इंजेक्शने विम्यात घ्या, असे मी म्हणत नाही. वाजवी अटी घाला. मेडिकेअरमध्ये बऱ्याच भागांत बारा महिन्यांत तीन सत्रांची मर्यादा आहे, तशी इथेही ठेवा. आधी ठरावीक काळ फिजिओथेरपी घेतल्याची नोंद मागा. कोणत्या स्नायूत, कशासाठी, किती औषध दिले हे डॉक्टरांच्या सहीने मागा. खर्चाचा थोडा वाटा रुग्णावर ठेवा. अटी घालून द्या, आम्ही त्या पाळू. दार मात्र बंद ठेवू नका.

तुमच्या संस्थेने गेल्या काही वर्षांत रुग्णाच्या बाजूने घेतलेले निर्णय आम्ही विसरलेलो नाही. आधीच्या आजारांसाठीची प्रतीक्षा अठ्ठेचाळीस महिन्यांवरून छत्तीसवर आणली. पासष्टीनंतर पॉलिसीचे दार बंद होत होते, ते उघडले. डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्या, असे बंधन घातले. २९ मे २०२४ च्या तुमच्या मुख्य परिपत्रकात ओपीडी, डे-केअर आणि घरच्या उपचारांनाही सामावणाऱ्या पॉलिसी ग्राहकाला मिळाव्यात, असे म्हटले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी सरकारने काढून टाकला. काही कंपन्या आता दोन तासांच्या भरतीलाही भरपाई देणाऱ्या पॉलिसी विकत आहेत. वारा योग्य दिशेने आहे. तरीही राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्य खर्चातले ३९.४ टक्के लोकांनी थेट खिशातून भरले. २०१३-१४ मध्ये हे प्रमाण ६४.२ टक्के होते, म्हणजे सुधारणा मोठी आहे. उरलेला भार बराचसा ओपीडीत, औषधांत आणि तपासण्यांत आहे, आणि नेमका तोच विम्याच्या बाहेर ठेवला आहे.

माझ्या मागण्या चार आहेत.

१. दीर्घकाळच्या स्नायूदुखीवर वेदनातज्ज्ञाने दिलेली इंजेक्शने, वर सुचवलेल्या अटींसह, आधुनिक उपचारांच्या यादीत घ्या. ओपीडीत झाली या एकाच कारणावरून ती नाकारता येणार नाहीत, असे स्पष्ट लिहा. आरोग्य संजीवनीसारख्या प्रमाणित पॉलिसीपासून सुरुवात करा, म्हणजे बाकीच्यांना टाळाटाळ करता येणार नाही.

२. आधीच ठरलेल्या अशा उपचारांसाठी कॅशलेस यादीतल्या हॉस्पिटलांनी रुग्णाला खर्चाचा लेखी अंदाज द्यावा, आणि विमा असलेल्याला व नसलेल्याला त्याच प्रोसिजरचा मूळ दर वेगळा लावू नये, हे कंपन्यांशी होणाऱ्या करारात घाला.

३. पॉलिसीसोबत मिळणाऱ्या ग्राहक माहिती पत्रकाच्या पहिल्याच पानावर, मराठी ग्राहकाला मराठीत, लिहा : कोणत्या उपचारांना भरती लागते, कोणत्यांना लागत नाही आणि कोणते मिळणारच नाहीत. ताईला हे पॉलिसी घेताना कळायला हवे होते. क्लेम नाकारल्यावर कळून काय उपयोग?

४. केवळ चोवीस तासांच्या अटीमुळे दरवर्षी किती क्लेम नाकारले जातात आणि ती रक्कम किती, हे कंपनीनिहाय जाहीर करा. किती कुटुंबे या दारावरून परत जातात, हे देशाला कळू द्या.

ताईचे साडेनऊ हजार परत मिळावेत म्हणून हे पत्र नाही. त्यासाठी विमा लोकपाल आहे, त्याचे कार्यालय पुण्यातही आहे आणि आम्ही तिथे रीतसर तक्रार केली आहे. पण लोकपाल एका वेळी एकाच क्लेमचा निवाडा करतो. नियम बदलला तर तो लाखो लोकांसाठी बदलतो, आणि ते काम तुमचे आहे. नवा नियम करण्याआधी तुम्ही मसुदा काढता, लोकांच्या सूचना मागवता. चोवीस तासांच्या अटीचा असाच मसुदा येत्या वर्षात काढा आणि तो मराठीतही प्रसिद्ध करा. शिवणकाम करणाऱ्या बायका, विणकर, ड्रायव्हर, शिक्षक आणि वेदनातज्ज्ञ डॉक्टर त्यावर आपले म्हणणे लिहून पाठवतील. त्यातले पहिले पत्र माझे असेल.

आपली,
एक पॉलिसीधारक,
पुणे